बिअरच्या फ्रिजाचा आलेख

मागदालेना नदीकाठच्या एका आरोग्य केंद्रात ओदालिस बेरियो उपकरणं दुरुस्त करायची. लशींच्या फ्रिजमध्ये तिने स्वतः जोडलेला सेन्सर बसवला. आतला पारा आठ अंशांच्या वर गेला की आगपेटीएवढ्या सर्किटमधून, वायरबियर काही नाही, संदेश सुटायचा. एक डॉक्टरांच्या फोनवर, एक थेट राजधानीच्या कचेरीत. तिथे तापमानाचा आलेखही दिवसभर उमटत राहायचा. केंद्रप्रमुख डॉक्टर एवारिस्तो लोंदोन्यो यांनी भाषण ठोकलं आणि शोधाचं श्रेय तेवढं स्वतःकडे ठेवून घेतलं.

पण गावात वीज पाहुणीसारखी यायची, आणि त्या म्हाताऱ्या फ्रिजात परिचारिकांची सरबतंही असायची. डॉक्टरांचा फोन चर्चमध्ये वाजला, वामकुक्षीत वाजला, झुंजीत त्यांचा कोंबडा मार खात होता तेव्हाही वाजला.

"हे यंत्र आहे की चहाडखोर शेजारीण?" डॉक्टर वैतागले.

"फ्रिज बिघडलाय, डॉक्टर. नवा मागवा."

"नवा आहे की माझ्या खोलीत, जनरेटरवर. सेन्सर तिथे ठेव."

"त्यात तुमची बिअर असते."

"मग? बिअरला कधी ताप आलाय का?"

ओदालिसला नोकरी हवी होती. तिने मुकाट्याने सेन्सर बाटल्यांमध्ये ठेवला. त्या दिवसापासून राजधानीत आलेख कसा पट्टीने आखल्यासारखा. इकडे लशी उकडत होत्या आणि पोरांच्या दंडात जात होत्या. तिकडे साहेबलोक खूश होते.

डॉक्टरांना मानपत्र मिळालं. ते घेऊन आलेल्या साहेबामागे ताज्या लशींचा एक ट्रकही आला. "एवढा भरवशाचा फ्रिज दुसरीकडे कुठे नाही," साहेब म्हणाला. "आसपासच्या गावांच्या लशी आता तुम्हीच सांभाळा. दाखवा बघू, सेन्सर कुठे आहे?"

डॉक्टरांनी त्याला दारातच कॉफीला बसवलं. आत ओदालिसने घाईघाईने बिअर खिडकीतून अंगणात उतरवली आणि फ्रिजात ट्रकमधल्या लशी भरल्या.

साहेब गेल्यावर ती म्हणाली, "आधी ज्यांना टोचलं त्या पोरांचं काय?"

"इतके दिवस गप्प होतीस ना?"

"होते. आता नाही राहवत. पुन्हा टोचा, नाहीतर मी राजधानीला कळवते."

डॉक्टरांनी 'विशेष मोहीम' जाहीर केली. आया पोरांना घेऊन उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने ओदालिसला गाठलं. "मागच्या वेळी काय नदीचं पाणी टोचलं होतं का गं?"

ओदालिसला तिच्याकडे बघवेना. "सावलीत या, बाई," एवढंच ती म्हणाली.