लाथाळीचं दूध

भाचीने गाईच्या चार सडांतून एकेक धार चार वाट्यांच्या थाळीत घेतली, वर जांभळं औषध ओतलं आणि थाळी हलकेच गोल फिरवली. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. चौथीतलं खळीसारखं घट्ट होऊन तळाला चिकटलं.

"हिलाही?" मावशीने विचारलं.

भाचीने मान हलवली आणि वहीत खूण केली. सहा गाई तपासून झाल्या होत्या आणि सहा खुणा झाल्या होत्या.

आजार कासेचा होता. कास सुजून दगडासारखी टणक होते म्हणून लोक त्याला दगडी म्हणतात. इथे मात्र एकाही गाईची कास टणक नव्हती. गाई मजेत रवंथ करत होत्या आणि आजार आतल्या आत मुरत होता. डेअरीने दोनदा दूध परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा परत आलं की मावशीचं दूध कायमचं बंद. पण मावशीला त्याहून जास्त झोंबली होती ती पहिल्याच वेळी दुधासोबत आलेली चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं, गोठ्यात स्वच्छता पाळावी.

आता माशाच्या पिल्लाला पोहायला कुणी शिकवू नये, तसं मावशीला स्वच्छतेचं कुणी सांगू नये. तिचा गोठा असा की पाहुण्यांना खुशाल तिथे जेवायला बसवावं. लहानपणी सुट्टीत आलेल्या भाचीला ती कोपरापर्यंत हात धुवायला लावायची आणि नखं तपासूनच वासराला हात लावू द्यायची. पुढे भाची जनावरांची डॉक्टर झाली. कॉलेजात हात कसे धुवावेत हा धडा आला, तेव्हा तिला तो आधीच पाठ होता. हे ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

त्यामुळे चिठ्ठी वाचताच मावशीने गुन्हेगार शोधला. लांब जावंच लागलं नाही. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, हाताला कायम वंगण, बुटांना कायम चिखल. त्याच दिवशी त्यांना गोठ्यात पाऊल टाकायची बंदी झाली. पंचाईत एवढीच की सातवी गाय काकांशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे. मावशीला तिने दोनदा बादलीसकट आडवं केलं होतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण त्या खाणारा वेगळा असला तर जास्त गोड, असं काकांचं म्हणणं. त्यांनी तिचं नावच लाथाळी ठेवलं होतं. तेव्हा काकांपाठोपाठ लाथाळीही गोठ्याबाहेर गेली, आणि पंधरा दिवस ती दोघं दुकानामागच्या पत्र्याखाली सुखाने राहत होती.

"आता ती एक राहिली," भाची म्हणाली.

"तिला काय तपासायचंय? रोग तिथूनच तर आलाय."

तरी भाची थाळी घेऊन निघाली. मावशीही मागोमाग आली. काकांनी लाथाळीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत एकेक धार वाट्यांत सोडली. भाचीने औषध ओतलं, थाळी फिरवली, उजेडाकडे धरली, पुन्हा फिरवली. चारही वाट्यांतलं दूध खळखळत फिरत होतं.

मावशी वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, औषध संपत आलं असेल. भाचीने नवी बाटली फोडली आणि पुन्हा तेच झालं.

भाचीने काकांना विचारलं, दूध काढण्याआधी ते कास कशाने पुसतात? काकांनी खिशातून जुन्या वर्तमानपत्राचे हातरुमालाएवढे तुकडे काढून दाखवले. ते म्हणाले की मावशीच्या पांढऱ्या फडक्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती. एक तुकडा घ्यायचा, पुसायचं, टाकून द्यायचं.

भाचीने वळून गोठ्याकडे पाहिलं. दारातल्या खुंटीवर ते फडकं वाळत होतं, पांढरंशुभ्र. मावशी रोज संध्याकाळी ते उकळायची, उन्हात वाळवायची, आणि सकाळी कोमट पाण्यात पिळून सहाही गाईंची कास त्याच फडक्याने पुसायची. हे भाचीने लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. जिने हात धुवायला शिकवलं, तिला हे सांगायचं कसं?

"मावशी, बस जरा," ती म्हणाली आणि स्वतःही उलट्या बादलीवर बसली.

तिने सावकाश सांगितलं. रोगाचे जंतू चिखलापेक्षा गाईच्या सडातच जास्त राहतात. दुधाच्या एका थेंबाबरोबर ते बाहेर येतात आणि हाताला, फडक्याला लागून पुढच्या गाईकडे जातात. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडंच असतं, त्यांना आत शिरायला तेवढं पुरतं. उकळलेलं फडकं पहिल्या गाईपुरतं स्वच्छ असतं. दुसरीपासून ते नुसतं पांढरं असतं.

मावशीने खुंटीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. ती उठली, फडकं काढून घेतलं आणि घरात गेली.

"चिडली," भाची म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "तिनेच मला बोलावलं आणि तिलाच मी..."

"तिने नाही बोलावलं. मी बोलावलं. तिचं नाव सांगितलं एवढंच." काका लाथाळीची मान खाजवत होते. "दूध दुसऱ्यांदा परत आलं तेव्हाच मला शंका आली. घरातला सगळ्यात घाणेरडा माणूस मी, मी आणि लाथाळी गोठ्याबाहेर, आणि तरी दूध परत."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं काय, मी पत्र्याखालीही मजेत असतो. तिचं सगळं त्या गोठ्यातच आहे. तिथून तिला बाहेर काढायचं मला नव्हतं जमत. तुझं ती ऐकते."

भाची वहीत पुढचं लिहू लागली: कोणत्या गाईला कोणतं औषध, आजारी सडाचं दूध वेगळं, धार काढल्यावर सड औषधात बुडवायचे आणि गाईंपुढे चारा टाकायचा, म्हणजे त्या लगेच खाली बसणार नाहीत.

पान भरत आलं तेव्हा घराचं दार उघडलं. मावशीच्या हातात वर्तमानपत्रांचा हनुवटीपर्यंत गठ्ठा होता. तिने तो काकांपुढे ठेवला, फुंकर मारून बाक साफ केला आणि त्यांच्या शेजारी बसली. सगळ्यात वरचा अंक उचलला.

"किती मोठा फाडायचा, दाखवा," ती म्हणाली.

काकांनी एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"अगं, तो आजचा आहे. मी अजून वाचला नाही."

"मग वाचून घ्या लवकर," मावशी म्हणाली. "सकाळी गोठ्यात सात तुकडे लागतील."