टोपलीतलं वाचायचं नाही

मी एक जुनी वेताची टोपली आहे. कांद्याबटाट्याची नव्हे, कागदांची. हे आधीच सांगून टाकते, कारण माणसांना माझ्यात काहीही कोंबायची खोड असते. एखाद्याचं म्हणणं धुडकावलं की 'केराची टोपली दाखवली' म्हणतात आणि माझ्या नावाने नाक मुरडतात. मुरडू देत बापडे! मित्रांनो, एका लेखिकेच्या टेबलाखाली मी तेहतीस वर्षं काढली. तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते तिच्या पोटच्या मुलीलाही ठाऊक नाही, आणि तेच माझं दुःख आहे.

मला विणणारा कारागीर हाताने विणायचा आणि तोंडाने शेजाऱ्याशी भांडायचा. भांडणाच्या भरात त्याने माझ्या एका बाजूचा वेत जास्त ओढला, म्हणून मी जन्मापासून जराशी कलती आहे. दुकानात मला कोणी हात लावेना. लेखिका आली, तिने मला फरशीवर ठेवून पाहिलं, तर मी डुगडुगले. "हीच द्या," ती म्हणाली. "हिच्यात काही पडलं की कळेल तरी."

घरात ती आणि तिची मुलगी, दोघीच. सकाळी मुलगी शाळेत गेली की ही लिहायला बसायची. पुढे मुलगी कॉलेजात गेली, मग रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, पण आईची वेळ बदलली नाही. एक पान लिहायचं. ते मोठ्याने वाचायचं. मग पेन खाली ठेवून स्वतःलाच विचारायचं, "हे मला म्हणायचंय, की नुसता हात चालत होता म्हणून लिहिलं?" उत्तर यायला कधीकधी अर्धा तास लागायचा. ते आलं की पान बहुधा चुरगळून माझ्याकडे. एक लिहिणारी आणि तिच्याच आत बसून ते वाचणारी दुसरी, अशा दोघी त्या एका खुर्चीत असायच्या. ती दुसरी भारी खाष्ट. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. माझं पोट भरायचं ते तिच्यामुळेच.

घरात एक कडक नियम होता. टोपलीतलं वाचायचं नाही. मुलगी नऊ वर्षांची असताना तिने तो मोडला. एक बोळा उलगडून ती अक्षर अक्षर लावत बसली होती. लेखिकेने ते पाहिलं आणि तिच्या कानाखाली अशी वाजवली की पोर माझ्यावर येऊन आदळली. "माझं अर्धवट कोणी वाचायचं नाही!" लेखिका ओरडली. पोर रडली नाही. तिने बोळा परत माझ्यात टाकला आणि गाल धरून बाहेर गेली. त्यावर दोघी पुन्हा कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मला रिकामं करायचं काम मात्र मुलीने त्या दिवसापासून आपणहून घेतलं. रोज संध्याकाळी मान दुसरीकडे वळवून ती मला रद्दीच्या पोत्यात उपडी करायची. चाळिशीला आली तरी मान दुसरीकडेच.

मग लेखिकेने आत्मचरित्र लिहायला घेतलं. प्रकाशक हात धुऊन मागे लागला होता. बाकीची पानं कशीबशी झाली, पण त्या थपडेशी येऊन गाडं अडलं. "मी तिला मारलं, कारण मी दमले होते." वाचलं आणि म्हणाली, "खोटं." झाला बोळा. "मारलं, कारण तिने नियम मोडला." "हे तर त्याहून खोटं." आणखी एक बोळा. अशी सोळा पानं गेली. सतराव्या पानावर होतं, "माझं फसलेलं तिने पाहिलं, याची मला लाज वाटली. लाज माझी होती आणि गाल तिचा. बाळा, माझं चुकलं गं." वाचून तिने ते पान जपून बाजूला ठेवलं. मला वाटलं, सुटली एकदाची! पण आतली खाष्ट बोललीच, "माफी मागायला बसलीस, की सुंदर वाक्य लिहायला?" आणि तेही पान चुरगळलं गेलं.

संध्याकाळी मुलगी लॅबमधून आली, तिने मान वळवली आणि आईची माफी रद्दीत ओतून टाकली. मी डुगडुग डुगडुगले. मला तोंड आहे, पण ते नुसतं गिळायला. आपल्याच हाताने आपण काय फेकतोय हे तिला कधी कळलं नाही. अजूनही माहीत नाही.

त्यानंतर कागद कमी यायला लागले. आधी दिवसाला दहा यायचे, ते चारावर आले, मग एकावर. एका मंगळवारी एकही नाही. वर पेन चाललेलं ऐकू येत होतं, न थांबता, सलग. मी वाट बघत राहिले, की आता थांबेल, आता वाचेल, आता तो प्रश्न विचारेल. पान संपलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "छान आहे." मित्रांनो, तेहतीस वर्षांत हा शब्द तिने स्वतःच्या लिहिण्याला कधी लावला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. वेताच्या अंगावर काटा येतो का, ते विचारू नका.

घरात मात्र आनंदीआनंद. "आई, टोपली रिकामीच हल्ली! हात बसला तुझा," मुलगी म्हणाली. प्रकाशक येऊन पानांची चळत बघून हरखून गेला. "बाई, आत्ता कुठे तुम्हाला लय सापडली बघा!" पुढच्या आठवड्यात माझ्यात चष्मा पडला. मग दाराची किल्ली. मुलगी हसली, म्हणाली, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" मला हसू आलं नाही. लिहिणारी अजून खुर्चीत होती. वाचणारी कुठे निघून गेली कोण जाणे, आणि ती गेल्याचं माझ्याशिवाय कोणालाच कळलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मुलगी छपाईला द्यायची पानं लावायला बसली. त्यात ते पान निघालं. एकही खाडाखोड नाही. "त्या दिवशी माझी मुलगी माझे कागद वाचत बसली होती. मी तिला जवळ घेतलं, तिचा पापा घेतला आणि सगळे कागद तिला वाचून दाखवले."

मुलीने ते दोनदा वाचलं. "आई, असं नव्हतं झालं."

"मग कसं झालं?"

"तू मला मारलं होतंस."

"काहीतरीच तुझं!" लेखिका खळखळून हसली. "मी कशाला मारीन तुला?"

ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा अगदी स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ चेहरा बघून मुलगी घाबरली. दुसऱ्याच दिवशी ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मेंदूचे फोटो काढले. हे बरं होणारं दुखणं नाही, वाढत जाणारं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर मुलगी चपला न काढताच माझ्याजवळ फरशीवर बसली. त्या थपडेनंतर पहिल्यांदा तिने माझ्यात वाकून पाहिलं. दोन्ही हात घालून तळ चाचपला. काही नव्हतं. धुळीचा कणसुद्धा नव्हता, इतकं निगुतीने तिनेच मला रोज झटकलं होतं.

"इतकी वर्षं काय टाकायचीस गं आई हिच्यात?" तिने विचारलं.

"कोण, मी?" लेखिका म्हणाली.

मुलीने ते खोटं पान चळतीतून ओढलं, करकचून चुरगळलं आणि माझ्यात फेकलं. लेखिका खुर्चीतून वाकली. तिने बोळा उचलला, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केला आणि सावकाश वाचला.

"चांगलं लिहिलंय की! कोणी टाकलं हे?"

मुलीने मान दुसरीकडे वळवली.

"पोरगी गोड दिसते हो. हिला मारलं-बिरलं नाही ना कोणी?"

"नाही," मुलगी म्हणाली. तिचा हात गालावर गेला होता. "कोणी नाही मारलं."

पुस्तक छापून आलं, तेही त्या पानासकट. वाचकांची पत्रं येतात. सगळ्यांना तेच पान आवडतं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं सांगायला मी बसलेली नाही. माझं काय, आणखी दहा वर्षं कोपऱ्यात डुगडुगेन. पण तुमच्या घरातलं खाडाखोड करणारं माणूस एकाएकी चुकेनासं झालं, तर टाळ्या पिटू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि कोणाची माफी मागायची राहिली असेल, तर आजच मागा, तोंडाला येईल तशी, अडखळत, वेडीवाकडी. सतरावं पान फार चांगलं होतं हो. पण त्या पोरीला पहिलंसुद्धा चाललं असतं.