बापूस होयो तर असो

एक मे रोजी आमच्या इशिताचा शाळेचा निकाल होता. हापूसच्या पेट्या भरायच्या राहिल्या होत्या, म्हणून चार वर्षांत पहिल्यांदाच मी नवऱ्याला शाळेत पाठवलं. तिथून त्याचा फोन आला, "आपली इशू कितवीत आसा गो?"

"चौथीत!" मी दातओठ खात सांगितलं.

वर्षभर डबे, पाढे, पालकसभा, पुठ्ठ्याचे किल्ले, सगळं मीच निस्तरलं. बाईंनी कधी मान वर करूनही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

दुपारी तो छाती फुगवूनच घरात शिरला. "बाईंनी सगळ्यांसमोर सांगल्यानी, निकालाक स्वतः इलो, बापूस होयो तर असो! टाळ्या वाजवल्यानी माका."

मागून इशिता आली. तिने पेंढा चिकटलेल्या माझ्या हातांकडे बघितलं आणि तोंड फुगवून विचारलं, "आई, तू कित्याक नाय इलंस शाळेत?"