मागून मारलेली हाक

टॉवेलच्या कारखान्यात माणसं तोंडानं बोलत नाहीत, हे ज्यानं एकदा कारखाना पाहिला त्याला वेगळं सांगायला नको. एका छपराखाली यंत्रमाग धडधडायला लागले की कुणाला हाक मारून घसा कशाला फोडायचा? चहा हवा तर अंगठा तोंडाकडे, धागा तुटला तर दोन बोटं फिरवायची, व्यापारी आला तर मिशीवर हात. सोमशेखरचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असाच छोटा कारखाना होता आणि त्याला लागूनच घर. मधली भिंत असून नसल्यासारखी, त्यामुळे घरातही हाच कारभार चालायचा.

अशा घरात सोमशेखरची लेक काव्या सगळ्यांत हुशार ठरली, यात नवल ते काय? तिसरं सरायचं होतं अजून, पण आजीनं मांडीवर नुसती थाप मारल्यासारखं केलं की पोरगी धावत येऊन बसायची. बापानं लांबून बोट दाखवलं की नेमकी हवी ती दोऱ्याची कांडी उचलून द्यायची. फक्त बोलत नव्हती. त्याचंही उत्तर आजीकडे, म्हणजे गंगम्माकडे तयार होतं.

"घरात कानडी, दारात मराठी. लेकरू गोंधळणार न्हाय तर काय? सोमू बी लई उशिरा बोलला. आता गप बसवून दाखवा की त्याला!"

यावर सगळे हसायचे. काव्याची आई जगदेवी तेवढी हसायची नाही.

जगदेवी दुधनीची. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असायचे, दुपारी घर गाढ झोपायचं, आणि त्या शांततेत ती खेळणाऱ्या लेकीच्या मागं जाऊन उभी राहायची. "काव्या," म्हणायची. मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. पोरगी आपली दोऱ्याच्या गुंडाळ्यांत दंग. एकदा तिनं मुद्दाम ताट पाडलं तर काव्या वळली, आणि जगदेवीला हायसं वाटलं. पुढच्या वेळी जमिनीला हादरा बसू नये म्हणून दोन ताटं गादीवर एकमेकांवर पाडली. मान हलली नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात काय बी येतंय." आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, असलं अभद्र तोंडातून काढू नको. मग जगदेवीनं सांगणंच सोडलं. भरल्या घरात ती एकटी पडली होती. रागावून तरी कुणावर रागावणार, सगळे लेकीवर जीव टाकत होते.

अंगणवाडीच्या हुस्नाबाईंनी शिबिर ठरवलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. हुस्नाबाई म्हणजे नुसती भिंगरी. मठाच्या स्वामींकडून सभामंडप मागून घेतला, कारखानदारांकडून चहापोहे वसूल केले, बहिऱ्या मुलांच्या शाळेतून कान तपासणाऱ्या मॅडम आणल्या. दारोदार फिरून बायांना एकच सांगत होत्या, "लहानपणीच कळलं तर कानाला मशीन लागतंय, बोलायला शिकवता येतंय. उशीर झाला की पोराचं बोलणं हातचं जातंय, बघा."

गंगम्मा तणतणली, पण आली. मठात जायचं म्हटल्यावर नाही तरी कशी म्हणणार?

सभामंडपाच्या कोपऱ्यात सतरंजीवर काव्याला बसवलं. समोर जगदेवी, शेजारी गंगम्मा. मॅडम काव्याच्या मागं उभ्या राहिल्या आणि त्यांनी छोटा ढोल वाजवला. काव्या वळली. दुसऱ्या बाजूनं घंटा वाजली, काव्या तिकडेही वळली.

"छान ऐकतीय की," मॅडम म्हणाल्या. "बोलेल हळूहळू. घरात गप्पा मारत जा तिच्याशी."

गंगम्मानं सुनेकडे असं बघितलं की बोलायची गरजच उरली नाही. आणि जगदेवीला त्याचं काही वाटलं नाही. तिला स्वतःचंच हसू येत होतं. केवढा घोर लावून घेतला आपण उगाच! लेकीला कडेवरून उतरवून ती दारात चपला शोधू लागली.

सहज तिची नजर वर गेली. छताखाली पारव्यांचं घरटं होतं. समोर उभी काव्या तिच्या तोंडाकडे बघत होती, ती लगेच वळून मागं वर बघू लागली. पारवे गप्प होते. कसलाही आवाज झाला नव्हता.

जगदेवीला आठवलं. मघाशी ढोल वाजला तेव्हा आपण ढोलाकडे बघितलं होतं. घंटा वाजली तेव्हा घंटेकडे. पोरीनं ढोल ऐकलाच नव्हता, तिनं आईचे डोळे वाचले होते.

हे आता जगात एकट्या तिलाच माहीत होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? मॅडमनी छान म्हटलं होतं, सासू खूश होती, घरी पेढे वाटले गेले असते. वर्ष-दोन वर्षं असंच लाडात गेलं असतं. पण मग हुस्नाबाई म्हणत होत्या तसं, बोलणं हातचं गेलं असतं.

ती लेकीला घेऊन परत आत गेली.

"मॅडम, अजून एकदा बघा. ती माझ्या डोळ्यांकडं बघून वळतीय. मी समोर बसणार न्हाय."

"पास झालेल्या पोरीला नापास करायला निघालीस व्हय?" गंगम्मा कडाडली. "आई हायस का कोण हायस?"

"अत्ती, तुमी बी बाजूला या. तोंड फिरवा."

सासूला तिनं असं कधी सांगितलं नव्हतं. हुस्नाबाईंनी काव्यापुढे रंगीत ठोकळे ठेवले, मॅडमनी मान हलवली. जगदेवी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

मागं ढोल वाजला. वळ गं माझे बाई, ती मनात म्हणत होती, वळ आणि मला खोटी ठरव. वेडी म्हणू दे मला सगळ्यांनी. ढोल पुन्हा वाजला, अगदी जवळून. मग घंटा. मग थाळी. मंडपातल्या बायांची कुजबुज थांबली. ठोकळ्यावर ठोकळा ठेवल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मोठ्या दवाखान्यात मशीनवर तपासायला लागेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही थांबलात. मघाशी माझ्या लक्षात आलं नाही."

तेवढ्यात गंगम्मा पुढं झाली. हातवारे नाहीत, काही नाही. नातीच्या पाठीशी उभी राहून तिनं हाक मारली, "काव्या." मग मोठ्यानं, इकडं ये म्हणून, "काव्या, बा इल्ली." मग मठ दणाणून जाईल अशी. ठोकळ्यांचा मनोरा वाढतच होता.

गंगम्मा मटकन खाली बसली. जगदेवी वळली तेव्हा म्हातारी तिच्याकडेच बघत होती. राग कुठल्या कुठं गेला होता.

"सुट्टीच्या दिवशी मला झोपेत आवाज यायचा," ती म्हणाली. "वाटायचं, रस्त्यावर कोन तरी वरडतंय. ती तू व्हय गं?"

"व्हय, अत्ती," जगदेवी म्हणाली.