आईच्या नावाची उंची

मावळात लग्नाची पत्रिका नुसतं निमंत्रण नसते, ती अख्ख्या भावकीची हजेरी असते. नवरा-नवरीची नावं त्यात असतात, पण ती उपचारापुरती. सगळ्यांचा डोळा खाली असतो: निमंत्रक कोण, स्नेहांकित कोण, आणि आपलं नाव चुलत्याच्या वर आलंय की खाली. रेणुका कामशेतच्या बाजारात एका छपाईच्या दुकानात पत्रिकांची आणि फ्लेक्सची डिझाईनं करायची. लोकांचे हे रुसवेफुगवे तिनं आजवर हसत निभावले होते. या वेळी मात्र पत्रिका तिच्या सख्ख्या भावाची, सुहासची होती, आणि हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

नावं पुरवायचं काम तिच्या थोरल्या चुलत्यांनी, बाजीरावांनी अंगावर घेतलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. भाजे गावाहून त्यांचा रोज फोन यायचा आणि दर फोनला एखाददुसरं नाव वाढायचंच. आज मळवलीचे पाहुणे, उद्या दूध डेअरीचे माजी चेअरमन, परवा तर अशा एका गृहस्थांचं नाव आलं, की ते हयात आहेत का याचीच रेणुकाला शंका होती. कागद तेवढाच आणि माणसं वाढत चाललेली. मग ती जागा करायला खालच्या नावांच्या अक्षरांची उंची थोडी कमी करायची, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी.

एवढ्या गर्दीत आईचं नाव मात्र नव्हतं.

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रथेप्रमाणे सुहासच्या नावाखाली 'कै. किसन येवले यांचे चिरंजीव' असं येणार होतं आणि निमंत्रक म्हणून आबा. मंगलकार्याच्या पत्रिकेत विधवा बाईचं नाव घालत नाहीत, हे भावकीत कुणी कुणाला सांगावंही लागत नव्हतं. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालत जिनं पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं, तिनंच पोराच्या लग्नाला कुणाला बोलवायचं नाही. रेणुकाला याचा संताप यायचा. असा संताप पुष्कळांना येतो, आणि पुष्कळ जण तो गिळून पंगतीला बसतात.

या वेळी तिला तो गिळायचा नव्हता. तिनं आईजवळ विषय काढला, पण येसूबाईनं तो पुरता ऐकूनही घेतला नाही. पोराच्या कार्यात विघ्न नको, आबांना काय वाटेल, आणि माझं नाव वाचून कुणाचं पोट भरणार आहे, असं म्हणून ती भाकरी थापायला बसली. रेणुकानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन आबांच्या नावाखाली नवी ओळ टाकली: श्रीमती येसूबाई किसन येवले.

अक्षरं उमटली ती बुटकी. आकार आबांच्या नावाइतकाच दिला होता, तरी आबांचं नाव ताठ उभं आणि आईचं नाव कुणी डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं. तिनं आकडा वाढवला, तर ओळ आडवी पसरली, पण दबलेली ती दबलेलीच. फॉन्ट बदलला. ओळ पुसून नव्यानं लिहिली. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, जे सगळेच करतात आणि ज्यानं सहसा काही होत नाही. पडद्यावर मोठं करून बघितलं की जरा बरं दिसायचं, कागदावर काढलं की पुन्हा तीच गत. दुपारपर्यंत ती टेकीला आली. बारीक तर बारीक, नाव आहे ना, असं तिनं मनाशी म्हटलं. उलट चटकन कुणाच्या नजरेला यायचं नाही. या विचारानं तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात आबाच दुकानात आले. नमुना स्वतः तपासल्याशिवाय छपाई नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. चष्मा लावून, कागदावर अंगठा ठेवून ते एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले. नाव चुकलं तर माणूस भरल्या पंगतीतून उठतो, म्हणून त्यांची ही पद्धत. स्वतःचं नाव आबांनी खणखणीत वाचलं, अंगठा खाली सरकला आणि तिथंच थांबला.

"हे काय चिरडल्यावानी?"

"आईचं नाव हाय, आबा," रेणुका म्हणाली.

आबांनी ते वाचलं नाही. धाकट्या भावाच्या बायकोचं नाव थोरला दीर तोंडानं घेत नाही, ही जुनी रीत त्यांनी जन्मभर पाळली होती. काही निरोप असला तर भिंतीकडे बघून 'रेणुकाच्या आयला सांगा' एवढंच म्हणायचे. आता त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. रेणुकानं भांडणाची तयारी केली.

"माज्या भ्यानं बारीक केलंस व्हय?" आबांनी विचारलं.

भीती वाटली हे खरं, पण अक्षर मी दाबलं नाही, सॉफ्टवेअरच ऐकत नाही, असं तिनं सांगितलं. आबांना ते पटलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"किसन गेला, तवा त्या बाईनं माज्या दारात कदी हात पसरला न्हाई. घालायचं तर नीट घाल. असं चोरून नगं. मी हितंच बसतो."

रेणुकानं डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याला भिडली. या वेळी तिनं आबांच्या आणि आईच्या ओळीची सगळी मापं शेजारी शेजारी ताडून बघितली. आकार सारखा, फॉन्ट सारखा. अक्षराच्या उंचीचा एक लहानसा चौकोन असतो, त्यात आबांच्या ओळीला शंभर टक्के होते आणि आईच्या ओळीला पंचावन्न. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुण्यारावळ्यांना जागा करायला रोज कमी केलेली उंची त्या चौकोनात तशीच राहिली होती, आणि त्यानंतर लिहिलेली प्रत्येक ओळ तीच घेऊन येत होती. इतरांना जागा करून देताना आईच दाबली गेली होती, आणि दाबणारा हात आपला होता. घरीही आपण सगळे हेच करत आलो, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

तिनं पंचावन्नचे शंभर केले. आईचं नाव ताठ उभं राहिलं, पण खालची एक ओळ कागदाबाहेर गेली. ती होती 'प्रमुख उपस्थिती', आबांनी दारोदार फिरून जमवलेली, डेअरीच्या माजी चेअरमनसकट. आबांनी त्या ओळीकडे हळहळून बघितलं आणि मग खिशातल्या पेनानं ती खोडून टाकली. ते जेवायला येतातच, पत्रिकेत नसले तरी, असं पुटपुटले.

नवा नमुना निघाला. आबांनी पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. स्वतःचं नाव झालं. अंगठा खाली सरकला. त्यांनी घसा साफ केला आणि हळू, जपून वाचलं, "श्रीमती येसूबाई किसन येवले." मग पुढच्या नावांवर गेले.

पत्रिका भाज्याला पोचल्या, तेव्हा आई आधी रेणुकावर चिडली. काय करून ठेवलंस, म्हणाली. मग तिनं गठ्ठ्यातली एक काढली, उजेडात धरली आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं. गावात बोलावणं करायला आबांची बायको, थोरली काकू जाईल असं केव्हाच ठरलं होतं. पण सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पत्रिका आणि अक्षता घेऊन दारात उभी.

"आवतान द्यायला मी जाते," ती म्हणाली. "नाव माजं घातलंया, अन् दारात दुसरंच कुणी गेलं तर बरं दिसंल का?"

रेणुका तिच्या मागोमाग निघाली. इतक्या वर्षांत आई कुणाच्याही शुभकार्याचं बोलावणं घेऊन उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आज ती सगळ्यात आधी आबांच्याच दारात गेली. आबा पडवीत चहा पीत होते. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली बघून पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "सुहासचं लगीन हाय. समद्यांनी यायचं."

पत्रिकेतले पहिले निमंत्रक कप खाली ठेवून उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रिका घेतली आणि म्हणाले, "येतो."