शुक्रवारी चार ते सात

माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनी, कापायचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलरूम. चाळीस वर्षं इथे बसून मी बायकांचे कपडे शिवतेय. शाळा चौथीत सुटली, पण माप कधी चुकलं नाही, आणि तोंडही कधी गप्प बसलं नाही.

माझी लेक गेली तेव्हा तिचं मूल अडीच वर्षांचं होतं. ते मी वाढवलं. तेव्हा मी नातू म्हणायचे. आता नात म्हणते. जुना हट्ट धरून बसायला समोर आहेच कोण?

ती सतरा वर्षांची असताना एका दुपारी मी पडदा सारला, तर ही आरशासमोर उभी. अंगात गिऱ्हाईकाचा निळा फ्रॉक. इस्त्री करून ठेवलेला, संध्याकाळी द्यायचा. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मी कडाडले, "गिऱ्हाईकाचा कपडा अंगाला लावलास? लाज विकून खाल्लीस?" बाहेर दोघीजणी बसल्या होत्या, त्यांनी ऐकावं म्हणूनच आवाज चढवला. खरं सांगते, फ्रॉकचा राग निम्माच होता. उरलेला कशाचा होता ते तिलाही कळलं.

"आजी, माझ्या स्वतःच्या कापडाचा असता तर चालला असता?" एवढंच विचारलं तिने.

मी म्हटलं, "या घरात नाही."

तिने फ्रॉक उतरवला, नीट हँगरला लावला आणि घर सोडून गेली.

दोन महिन्यांनी एक चष्मेवाली पोरगी दुकानात आली. मी गळ्यातला टेप काढून उभी राहिले.

"शिवायला नाही आले, आजी. मी समाजकार्य शिकते. केंद्रात माझी प्लेसमेंट आहे."

केंद्र म्हणजे बसस्टॉपमागची दुमजली इमारत. तिथे दर शुक्रवारी चार ते सात तरणी मुलं जमतात. कुणी मुलगा असून मुलावर जीव जडलेला, कुणी मुलीवर जीव लावलेली मुलगी, कुणी माझ्या नातीसारखं. घरच्यांनी बाहेर काढलेली बरीच. माझी तिथे जात होती. राहते कुठे, ते मात्र चष्मेवाली सांगेना.

"जेवते तरी का वेळेवर?"

"तिने सांगायला सांगितलंय तेवढंच सांगू शकते मी."

"तू काय पोस्टमन आहेस?"

"तसंच समजा." असं म्हणून हसली. मला आवडली, पण दाखवलं नाही.

मग दर गुरुवारी यायची. येताना एखादं वाक्य आणायची. खोकला बरा आहे. एका कारखान्यात काज-बटणाचं काम मिळालंय. मी म्हटलं, "काज करायला कुणी शिकवलं, विचार तिला." पुढच्या गुरुवारी उत्तर आलं, "ती म्हणते, आजीइतकं बारीक काज तिकडे कुणाला जमत नाही." त्या दिवशी मी दोन ड्रेसच्या बाह्या उलट्या जोडल्या.

आणि मग निरोप आला, आजीला भेटायचंय. घरी नाही. केंद्रात, शुक्रवारी, चष्मेवालीला मध्ये बसवून.

"एकटीने यायला काय झालं? घाबरते?"

"हो."

"मला?"

"तुमच्या तोंडाला."

मी म्हटलं, शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे, पुढच्या शुक्रवारी बघू. पुढच्या वेळी म्हटलं, मशीन बिघडलीय. मशीन ठणठणीत होती. माझं म्हणणं, मी मोठी, मी का उंबरा ओलांडू? तिच्यासाठी दार काय भिंत घालून बुजवलंय? येईल तिची ती.

चौथ्या गुरुवारी चष्मेवाली बसलीसुद्धा नाही. "आजी, उद्या माझा शेवटचा दिवस. प्लेसमेंट संपते. नंतर तिच्याशी बोलायची मला परवानगी नाही, कॉलेजचा तसा नियम आहे. ती उद्या चारपासून तुमची वाट बघणार आहे. याच."

इथे मी माती खाल्ली. गिऱ्हाईक रोज हेच म्हणतं, "उद्या नक्की हवं हं, परवा मी गावाला चाललेय." आणि मग तोच कपडा पंधरा दिवस खुंटीवर लोंबत राहतो. सांगितलेल्या तारखेत आठवडा मिळवायचा, असा माझा चाळीस वर्षांचा हिशेब. मला वाटलं, ही पोरगीही तसलीच घाई लावतेय. शिवाय प्लेसमेंट म्हणजे शिकाऊ पोरींची ठरावीक मुदतीची पाळी, हे मला कुठे ठाऊक; मी ती नोकरीच धरून चालले होते. चांगली नोकरी कोण सोडतं?

"बघते," म्हटलं.

शुक्रवारी मी गणवेशांच्या कॉलरी लावत बसले. चार वाजले, पाच वाजले. सहाला चपला घातल्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चपला काढल्या.

सोमवारी गेले. टेबलामागे दुसरीच उंच पोरगी, गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र. चष्मेवालीची जागा आजपासून हिची.

"माझ्या नातीला निरोप द्यायचाय."

"नाव काय तिचं?"

मी बारशाला ठेवलेलं नाव सांगितलं. तिने वही उघडून पाहिली. "या नावाचं इथे कुणी येत नाही, आजी. मुलं इथे स्वतः निवडलेल्या नावाने येतात. ते सांगा, म्हणजे निरोप ठेवते."

ते नाव चष्मेवालीने मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी मुद्दाम मशीन चालवली होती.

मी म्हटलं, "खांदा साडेपंधरा. डावा अर्धा इंच उतरता."

"मापावरून कसं शोधू हो मी?" बिचारी रडकुंडीला आली.

केर काढणारी बाई झाडू टेकवून उभी राहिली. म्हणाली, "शुक्रवारी त्या खुर्चीत होती की एक. केस विंचरून, नीटनेटकी. सातला दिवे मालवले तरी उठेना. मग त्या चष्म्याच्या ताईंच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, आता नाही येणार."

काज-बटणाचे कारखाने मी पालथे घातले. सगळीकडे जुनंच नाव विचारलं. दुसरं मला येतच नव्हतं.

आता शुक्रवारी दुकान लवकर बंद करते. केंद्राच्या हॉलमध्ये मोठ्यांना बसू देत नाहीत, म्हणून बाहेर पायरीवर बसते, चार ते सात. पोरं जिन्याने वर जातात. मला वळसा घालून जातात. परवा एकाने वाकून विचारलं, "आजी, तुम्ही कोणाच्या?"

मी म्हटलं, "जा वर, चार वाजून गेले."