मापाची नळी

चोपन्न साली कोपरीच्या खाडीत धक्क्याचे खांब दुरुस्त करायचे होते. आमचे हे पाणबुड्याचं काम करायचे. होडीत माझा दीर आनंदा हातपंपाने हवा मारायचा आणि मी हवेची रबरी नळी धरून बसायचे. खालून एक हिसका आला, की नळी आणखी सोडायची, एवढं माझं काम.

आम्ही मिठागराची माणसं, भरती तिथीवरून सांगणारी. ह्यांनी अष्टमीच्या भरतीला खोली मोजली आणि नळी कापायला घेतली.

"थोडी जास्त ठेवा ना," मी म्हटलं.

"लांब नळी खांबांत गुंतते गो. मापाचीच बरी."

"आणि कमी पडली तर?"

"तर तुझं लुगडं जोड!" हे हसले.

कंत्राटदाराचं सामान आठ दिवस उशिरा आलं. त्या दिवशी पुनव होती, खाडीला उधाण होतं. पाणी अष्टमीपेक्षा बरंच वर चढलेलं असणार, हे कामाच्या घाईत आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. कमरेला शिशाचा पट्टा बांधून हे एका खांबापाशी उतरले. तळ लागायच्या आधीच नळी ताणली. हिसका आला.

"वहिनी, सोडा की!" पंप मारता मारता आनंदा ओरडला.

"संपली रे!"

वर ओढावी, तर ह्यांच्या तोंडावरचा मुखवटाच निघून आला असता. मी होडीत पालथी पडले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि तेवढी नळी त्यांना दिली. पुन्हा हिसका आला. मग नळी सैल झाली.

ओहोटीला ते त्याच खांबापाशी सापडले. तेव्हा नळी पाच हात उरत होती.